नखांचा रंग

"वहिनी, पोराला नीट उभं करा की! परसाकडला बसल्यागत सारखं काय बसतंय ते?"

हे मी म्हणालो होतो. वर स्वतःच हसलोही होतो. पोरगं अडीच वर्षांचं. अंगात चौकड्यांचा नवा शर्ट, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. दारातून आत आलं, सात-आठ पावलं चाललं आणि मधेच गुडघे मुडपून उकिडवं बसलं. आईनं उठवलं, चार पावलं टाकली, की परत बसलं. माझं स्टूल भिंतीजवळ, लाइट लावून तयार. बाजारचा दिवस, बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी वैतागलो होतो.

आई त्याच्याजवळ खालीच बसली. "बसू द्या भाऊ घटकाभर. दम खाऊन उठंल त्यो."

"एवढ्याशा पोराला कसला आलाय दम?"

बाकावर सासू टेकली होती. तिनं लगेच तोंड उघडलं. "सवय लावलीय आईनं. खांद्यावर घेऊन घेऊन पांगळं करून ठिवलंय. माझा जालिंदर ह्या वयात शेरडामागं पळत हुता."

सून पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. 'हेंद्रे कलर फोटो' अशी पाटी लावून मला दीड वर्ष झालं होतं. तालुक्यात रंगीत फोटो काढणारा मी पहिला, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. आमचा सगळा भाग फौजींचा. घरटी एक तरी माणूस पलटणीत. तिकडे बर्फात, जंगलात असलेल्या बापाला पोरांचे फोटो धाडायचे, हा माझा निम्मा धंदा. ह्या घरातलं माणूसही आसामच्या बाजूला होतं. नायक जालिंदर खाडे. सासू हौसाबाई, सून शालन, पोराचं नाव रणजित. वाडी आमच्या गावापासून पाच कोसांवर.

त्या पोराचं बरंवाईट त्या एका फोटोवर टांगलेलं आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून मी सुटतो असं नाही. पुढं मला माहीत झालं, चांगलं स्पष्ट तोंडावर सांगितलं गेलं, आणि तरीही मी जे केलं ते केलं. म्हणून तर हे सांगायला बसलोय.

तर पोराला एकदाचं स्टुलावर बसवलं. मी फ्लॅश तपासायला एकदा उडवला, आणि ते जे भोकाड पसरलं! रडता रडता त्याचा चेहरा बघता बघता काळवंडला. ओठ तर जांभळेच झाले. शालननं झेप घातली, त्याला उचललं, त्याचे दोन्ही गुडघे त्याच्या छातीशी दाबून धरले आणि तशीच डोलत राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. करून करून तिचं तिलाच समजलं होतं. हळूहळू पोराचा श्वास ठिकाणावर आला.

"जांभळं खाल्ली का रे?" मी विचारलं.

माघ महिना चालू होता. जांभळं काय माझ्या सासऱ्यानं पिकवली होती? तरी मी विचारलं. आणि हौसाबाई म्हणाली, "रंगच तसा हाय त्येचा. सावळा. बापावर गेलाय." म्हणजे तिलाही दिसत होतं, मलाही दिसत होतं. दोघांनी मिळून त्याला एक सोपं नाव देऊन टाकलं.

पोरगं शांत झालं तशी शालन म्हणाली, "भाऊ, म्या बी त्येच्याबरूबर बसू का? नुसता हात आला तरी चालंल."

"बसा की. अख्ख्या या."

"अख्खी नगं. हात." तिनं पोराला मांडीवर घेतलं, त्याचा उजवा पंजा स्वतःच्या पंजाशेजारी आणला आणि दोन्ही हातांची बोटं पसरून पुढं धरली. नखं वर. चार बोटं तिची, चार त्याची, एकाला एक लागून. "हे असं येऊ द्या. आन् त्येचं तोंड."

मी कॅमेऱ्याच्या मागून डोकं वर काढलं. "अहो, ही काय पोज झाली? मेंदीचा फोटो काढायचाय का?"

हौसाबाई हसली. शालनचा चेहरा लाल झाला, पण तिनं हात हलवला नाही. "ह्यांस्नी आवडंल. जसं हाय तसंच येऊ द्या भाऊ. जरा बी काय करू नगा."

मी बटण दाबलं. गिऱ्हाइकाची मर्जी.

रोल साताऱ्याच्या लॅबला जायचा, आठवड्यानं परत यायचा. पाकीट फोडून प्रिंट बघितले तेव्हा हा फोटो बघून माझ्या कपाळाला आठी पडली. चेहरा छान आला होता, डोळे तर बोलत होते. पण ओठ शाईच्या बोटांनी चेपल्यासारखे. आणि नखं निळी. म्हटलं, झाला घोळ. दारातून सावलीचा उजेड आला की फोटो निळसर मारतो, हे माझं धंद्यातलं ज्ञान. लॅबवाल्यालाही दोन शिव्या दिल्या.

आता ऐका. त्याच फोटोत त्याच्या आईचा हात होता. बोटाला बोट लागून. तिची नखं चांगली तांबूस होती, बांगड्यांची हिरवी हिरवी होती, शर्टाची पांढरी चौकट पांढरीफेक होती. सावलीचा उजेड असता तर सगळंच निळं मारलं असतं. एका फोटोत एकाच पोराची नखं तेवढी निळी कशी येतील? दहावी नापास माणसालाही हा प्रश्न पडावा. मी तर स्वतःला कलाकार म्हणवत होतो. मला तो पडला नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या दुकानातून निळ्या ओठांचा फोटो बाहेर गेला तर लोक म्हणतील, हेंद्र्याला रंग जमत नाही.

मी माझी पेटी काढली. टचिंग हा माझा हातखंडा. बारीक ब्रश, पाण्याचे रंग. दुपारभर बसलो. ओठांवर गुलाबी चढवला, गालांवर किंचित लाली. मग नखं. नखं अवघड काम, रंग नेमका कोणता लावायचा? पण नमुना तर शेजारीच होता. आईच्या नखांचा रंग बघून बघून, थोडा थोडा कालवून, तोच तिच्या पोराच्या नखांना लावला. एकेक नख. इतका बेमालूम, की भिंगातून बघितलं तरी ओळखू येऊ नये. मी स्वतःवर खूश झालो. चहा मागवला.

पुढच्या सोमवारी दोघी आल्या. हौसाबाईनं फोटो हातात घेतला आणि तिचं तोंड फुललं. "आगं बया! कसं गुलाबाच्या फुलावाणी दिसतंय माझं पोरगं! दृष्ट काढाय पायजे."

शालननं सासूच्या खांद्यावरून बघितलं. मी कौतुकाची वाट बघत होतो. ती फोटोकडे बघतच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, हे रंगवलंय न्हवं?"

"टचिंग म्हणतात त्याला," मी म्हणालो. "पाण्याचा रंग असतो, पण सांगितल्याशिवाय कळतंय का? पुण्याचा माणूससुद्धा ओळखायचा नाही."

"पर म्या म्हणलं हुतं, जसं हाय तसंच..."

"तुला काय अक्कल?" हौसाबाईनं तिला तोडलं. "भावानं येवढं मन लावून केलंय. चला, पोस्ट बंद हुईल." फोटो पिशवीत गेला, सासू पायरी उतरली. शालन तिच्या मागं गेली. दोनदा वळून बघितलं तिनं. मला वाटलं, खेडवळ बाई, हिला कामाची काय पारख!

त्या फोटोची एक मोठी प्रत मी आणखी रंगवून शोकेसमध्येसुद्धा लावली. हात कापून, नुसता चेहरा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कुणाचं पोर हो हे, किती गोड.

दहा-बारा दिवसांनी शालन एकटी आली. मधल्या वारी, दुपारची. दुकानात सरकारी कचेरीतले दोन कारकून पासपोर्टच्या फोटोला बसले होते. ती दाराशी उभी राहिली. चालत आलेली, पायांवर धूळ. मी विचारलं, "काय वहिनी?"

"भाऊ, त्यो पयला फोटू पायजे. न रंगवलेला."

कारकुनांनी माना वर केल्या. माझं डोकं सणकलं. शोकेसमध्ये माझं काम झळकतंय, आणि ही बाई चारचौघांत त्याला नाव ठेवतेय!

"का? त्यात काय वाईट आहे?"

ती आत आली. काउंटरपाशी येऊन इतक्या हळू बोलली की मलाच वाकावं लागलं. "पोराचं व्हट, नखं जन्मल्यापास्नं निळी हायेत. चालला की धाप लागती, म्हून बसतोय त्यो. रडला की काळा पडतोय, दोनदा तर शुद्ध गेली त्येची. सासूबाई म्हंत्यात नजर हाय, आंगारा लावत्यात. दवाखान्यात न्यायचं म्हणलं तर म्हंत्यात, फौजीचं पोर हाय, त्याला काय धाड भरलीया. पत्रं सासूबाईच वाडीच्या गुर्जींकडनं लिवून घेत्यात. म्या सांगितलेलं त्यात लिवू देत न्हाईत. पोर झाल्यापास्नं ह्यांचं घरी येणं झालं न्हाई, फोटू तेवढा जाणार हुता. ह्यांनी डोळ्यांनी बघितलं असतं, माझा हात आन् पोराचा हात, तर रजा काढून पळत आलं असतं. म्हून तसा काढाय लावला हुता."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. म्हणजे मी ज्याला मेंदीची पोज म्हणून हसलो होतो, तो तिनं नवऱ्याला लिहिलेला कागद होता. अक्षरांऐवजी नखं. आणि मी तो खोडून कोरा करून दिला होता.

माणसानं इथं काय करावं? निगेटिव्ह माझ्या काउंटरच्या खालच्या खणात होती. माझा गुडघा त्या खणाला टेकलेला होता. एक पाकीट करून साताऱ्याला धाडलं असतं तर आठवड्यात दुसरा प्रिंट आला असता. पत्ताही मीच लिहून पोस्टात टाकला असता. एवढंच काम होतं. पण ते दोन कारकून बघत होते. त्यांच्यादेखत, मी चूक केली, मी आजारी पोराला रंग फासला, असं म्हणायला माझी जीभ उचलेना. आणि मनात तो एक किडा होताच, की ही शिकली नाही सवरली नाही, हिला काय कळतं, सासू म्हणते तेच खरं असेल.

"निगेटिव्ह लॅबमध्येच खराब झाली," मी म्हणालो.

असं सरळ. डोळ्याला डोळा देऊन.

"मग परत काढा. पोराला घिऊन येती म्या."

"काढतो की. रोल संपलाय आज. पुढच्या सोमवारी या."

तिनं मान हलवली. सोमवार तिच्या हातात नव्हता, बाजाराला सासू बरोबर असायची, हे मला कळत होतं. आजच ती शेतावर जाते म्हणून सांगून पाच कोस चालत आली असणार. ती निघून गेली आणि मी कारकुनांना म्हणालो, "हनुवटी जरा वर घ्या साहेब." सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

अकरा महिने गेले.

मग एका सोमवारी, बाजार भरात असताना, एक उंच माणूस दुकानात शिरला. केस बारीक कापलेले, पायात पलटणीचे बूट. मागं उंबऱ्यापाशी पदर डोक्यावर घेतलेली बाई, कडेवर पोर. मी बाईला लगेच ओळखलं.

"हेंद्रे आपणच का?" तो म्हणाला. "मी जालिंदर खाडे. नायक. रजेवर आलोय."

"या, या. बसा."

तो बसला नाही. खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातून फोटो काढून काउंटरवर ठेवला. अकरा महिने छातीशी वागवलेला, पण कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

"हा तुम्हीच काढलाय न्हवं?"

"हो."

"मग एक विचारायचंय. विचार करून सांगा, कारण आमच्या घरात ह्यावरनं रणकंदन चाललंय." त्यानं श्वास घेतला. "पोराला झटका आला. दिवाळीनंतर. डावा हात, डावा पाय लुळा पडला. तार आली म्हणून मी आलो, पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाला जन्मापास्नं भोक आहे, आणि फुप्फुसाकडं जाणारी रक्ताची वाट अरुंद. अशुद्ध रक्त तसंच अंगात फिरतं, म्हणून पोर निळं पडतं. दमलं की उकिडवं बसतं, कारण तसं बसलं की फुप्फुसाकडं जरा जास्त रक्त जातं. रक्त दाट होत गेलं, त्याची गाठ झाली, ती मेंदूत गेली. आता महिन्याभरात ऑपरेशन आहे."

मी काउंटरची कड धरून उभा होतो.

"डॉक्टर काय म्हणाले सांगू? म्हणाले, काही पोरं अशी जन्मतात की हृदयाच्या दोन मोठ्या नळ्याच उलट्या जोडलेल्या. ती बिचारी आठवड्या-महिन्यात जातात, कुणाला हालचाल करायला सवड मिळत नाही. तुमच्या पोराच्या आजारानं तुम्हाला वेळ दिला होता. तीन वर्षं दिला होता. तुम्ही का थांबलात?" त्याचा आवाज जरा हलला. "मी का थांबलो? मी हा फोटो दाखवला त्यांना. म्हटलं, साहेब, बघा, गेल्या साली पोर असं होतं. गुलाबी. तेही बुचकळ्यात पडले."

त्यानं फोटो माझ्याकडे सरकवला. "आता आई म्हणते, पोर तेव्हा ठणठणीत होतं, फोटोच साक्षीला आहे. हिनंच पुढं माहेराला नेऊन काहीबाही खायला घातलं. आई म्हणते, हिला माहेरीच पाठव कायमची. ही म्हणते, जन्मापास्नं निळाच होता, फोटोवाल्यानं रंग लावला. मी म्हटलं, असं कोण करील? आजारी पोराला रंग? माणूस आहे का कोण! तर तुम्ही सांगा. तुम्ही परके आहात, तुम्हाला कुणाची बाजू नाही. रंग लावलाय का, न्हाय?"

उंबऱ्यावरून शालन माझ्याकडे बघत होती. तिच्या कडेवर पोरगं मान टाकून होतं, डावा हात लोंबत होता.

दोन शब्द होते हो. 'होय, लावलाय.' तेवढ्यानं त्या बाईचं घर राहत होतं. पोराचा हात परत येणार नव्हता, पण तिच्या माथी मारलेलं तरी पुसलं गेलं असतं. पण तो समोर उभा होता, सहा फुटांचा, आणि आत्ताच विचारून बसला होता, की माणूस आहे का कोण. दारात बाजाराची चार माणसं थबकली होती.

मी म्हणालो, "फोटो जसा निघाला तसा दिलाय."

जालिंदरनं फोटोकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. बायकोकडे बघायचंही त्यानं टाळलं, हे मला दिसलं.

शालन आत आली. चप्पल न काढता, कुणाला न विचारता. पोराला नवऱ्याच्या हातात दिलं. काउंटरवर माझा पाण्याचा तांब्या होता, त्यात तिनं पदराचं टोक बुडवलं, पिळलं. फोटो सपाट धरला. आणि पोराच्या नखांवरून पदर घासायला सुरुवात केली. जोरात नाही. तान्ह्या पोराचं तोंड पुसतात तसं.

आधी काही झालं नाही. मग गुलाबी रंग ओला झाला, पसरला, पदरात उतरला. एक नख उघडं पडलं. निळं. मग दुसरं. चारी नखं झाली तशी ती ओठांकडे वळली. ओठ पुसून झाले आणि तिनं फोटो नवऱ्यापुढं सरकवला. तिचा हात आणि पोराचा हात, शेजारी शेजारी, अकरा महिन्यांपूर्वी तिनं धरले होते तसे.

"बघा आता," ती म्हणाली. "तुमाला बघायसाठीच काढला हुता."

जालिंदर बघत राहिला. मला वाटलं, आता हा मला काउंटरवरून ओढणार. खरं तर तसं व्हावं असंच वाटत होतं. मार खाऊन तरी मोकळा झालो असतो. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराला एका हातावर सावरलं, बायकोकडे वळला, आणि दारातल्या सगळ्या बाजारादेखत वाकून तिच्या पायांना हात लावायला गेला. ती मागं सरली. "आवं, काय करताय ह्ये!"

"चुकलं माझं, शालन," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. "तू पुन्हा पुन्हा सांगत होतीस. मी कागदावर विश्वास ठेवला. चुकलं माझं."

आसामच्या जंगलात बसलेल्या त्या माणसाचं काय चुकलं होतं? त्याला तर जे दाखवलं तेच त्यानं बघितलं. ते शब्द माझे होते. माझ्या तोंडून निघायला हवे होते, ते तो बोलत होता, आणि मी काउंटरच्या आत उभा राहून ऐकत होतो.

पुढचं आधी सांगून टाकतो. ऑपरेशन झालं, पोर वाचलं. वाडीचे गुरुजी एकदा फोटोला आले, त्यांच्याकडून कळलं. ओठ चांगले लाल झाले म्हणे, पळतंसुद्धा जरा पाय ओढत. हात मात्र तसाच राहिला. शालन कुठं गेली नाही, घरातच राहिली. हौसाबाई सुनेशी वर्षभर बोलली नाही, मग बोलायला लागली. मी कधी गेलो नाही. पाच कोसांची वाट, माझ्याकडे स्कूटर होती. दरसाल ठरवायचो, ह्या दिवाळीला जाऊ. छत्तीस दिवाळ्या झाल्या.

पण त्या दिवशी, नवऱ्याला सावरून झाल्यावर, शालन माझ्याकडे वळली होती. रागानं नाही. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमचं काय म्हणणं हाय, भाऊ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जालिंदरही. इतकी सोपी वाट मला पुन्हा कुणी करून दिली नसती. आणि मी, देवाशपथ, धंद्याला चिकटलेल्या ह्या तोंडानं म्हणालो, "बसा वहिनी. नवा काढून देतो."

तिनं पोराला नवऱ्याकडून परत घेतलं. त्याचा लोंबणारा हात उचलून त्या ओल्या, गुलाबी पदराखाली झाकला, आणि दुकानाची पायरी उतरून गेली.